डॉसची मालकी, विंडोजचे निरोप

१ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत, देशातील इतर भागांप्रमाणेच सी ही भाषा आणि टर्बो सीचा निळा पडदा यांत फरक न करण्याची सवय दीर्घकाळ टिकली. वस्तुतः टर्बो सी हा बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये आणलेला कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचनांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम होता, आणि तो डॉस या कार्यप्रणालीसाठी घडलेला होता. विदर्भातल्या विद्यार्थ्यांना सी सुलभ करणाऱ्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकातही पुढे विंडोज व लिनक्स यांवरील सीसाठी स्वतंत्र प्रकरणे आली. तरीही डॉसकडून विंडोजकडे जाताना नेमके काय बदलते, हे शिकवण्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, आणि ही उणीव खेदजनक आहे.

डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम चालतो आणि तोवर साऱ्या यंत्राची मालकी त्याच्याकडे असते. पडद्यावरच्या ८० स्तंभ व २५ ओळींतील २००० अक्षरांसाठी प्रत्येकी दोन बाइट, एक अक्षराचा व एक रंगाचा, अशी ४००० बाइट स्मृती राखलेली असे, आणि प्रोग्रामने तेथे थेट लिहिले की अक्षर लगेच पडद्यावर उमटे. विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामची स्मृती कुंपण घातल्यासारखी वेगळी असते. कुंपणाबाहेर हात घालणारा प्रोग्राम तत्काळ बंद पाडला जातो, म्हणून जुन्या युक्त्या तेथे निरुपयोगी ठरतात.

याहून खोल बदल नियंत्रणाच्या दिशेत आहे. डॉसचा प्रोग्राम स्वतः प्रश्न विचारतो आणि कळ दाबली जाईपर्यंत थांबतो. विंडोजचा प्रोग्राम मात्र निरोपांची वाट पाहतो. माउसची टिचकी, कळेचा दाब, खिडकी बंद करण्याची सूचना, असे सारे निरोप एका रांगेत साठतात. कापसाच्या हंगामात काट्यासमोर लागलेल्या गाड्यांप्रमाणे प्रोग्राम त्यांतील एकेक उचलतो आणि त्याचा निकाल लावणाऱ्या कार्याकडे, म्हणजे फंक्शनकडे, सोपवतो. रांगेतून निरोप उचलत राहणाऱ्या या चक्राला निरोपचक्र म्हणता येईल. एखादे काम फार वेळ अडले तर मागची सारी रांग खोळंबते आणि खिडकी गोठल्यासारखी दिसते. चित्र काढण्याचेही तसेच आहे: डॉसमध्ये एकदा काढलेली रेषा पडद्यावर टिकून राही, पण विंडोजमध्ये खिडकीचा आकार बदलला किंवा ती मिटवून पुन्हा उघडली की ‘पुन्हा रंगव’ असा निरोप येतो, त्यामुळे चित्रामागची माहिती प्रोग्रामला स्वतःजवळ जपावी लागते.

संख्यांच्या बाबतीत सावधगिरी हवी. टर्बो सीमध्ये ‘इंट’ या पूर्णांकाला १६ बिट मिळतात आणि त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. अकोल्यातील एखाद्या जिनिंगच्या हिशेबात ४०,००० किलो कापूस नोंदवला, तर तो उणे २५,५३६ असा छापला जाईल. जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये ‘इंट’ ३२ बिटांचा असल्याने ही चूक नाहीशी होते. मात्र जुन्या प्रोग्रामने दोन-दोन बाइटांत साठवलेली फाइल नव्या प्रोग्रामने चार-चार बाइटांनी वाचली, तर सगळेच आकडे बिघडतात.

डॉसकडून विंडोजकडे होणाऱ्या या वाटचालीला बळ दिले ते विनामूल्य कंपायलरांनी. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि हा भेद येथे मोलाचा ठरतो. बोरलँडने २००० मध्ये आपला ५.५ आवृत्तीचा कंपायलर फुकट दिला, पण त्याची अंतर्गत रचना खुली केली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी मात्र वाचण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास मुक्त आहे. डीजे डेलोरी यांनी १९८९ मध्ये तो डीजेजीपीपी या रूपाने डॉसवर आणला, त्यामुळे ६४० किलोबाइटांच्या मर्यादेपलीकडची स्मृती ३२ बिट पद्धतीने वापरता येऊ लागली. १९९८ मध्ये कॉलिन पीटर्स यांच्या मिनजीडब्ल्यूने तोच जीसीसी विंडोजच्या प्रोग्रामांसाठी उपलब्ध केला. मिनजीडब्ल्यू वापरताना चित्रकार्यांचा ‘जीडीआय३२’ हा संग्रह प्रोग्रामशी जोडण्याची सूचना विसरली, तर निर्दोष लिहिलेला प्रोग्रामही तयार होत नाही, आणि नवशिक्याचा पहिला अडथळा बहुधा हाच असतो.

६४ बिट विंडोजवर टर्बो सीने घडवलेला १६ बिट प्रोग्राम सुरूच होत नाही, म्हणून प्रयोगशाळांत डॉसचे अनुकरण करणारा डॉसबॉक्स रूढ झाला. सोय झाली, पण विद्यार्थी विंडोजसमोर बसून डॉसच शिकत राहिला. देवनागरीबाबतही दोन्हींतला फरक दिसतो: डॉसच्या अक्षरपडद्यावर २५६ चिन्हांचीच जागा असल्याने देवनागरीसाठी जिस्ट कार्डासारखे वेगळे उपकरण बसवावे लागे. युनिकोड स्वीकारलेल्या विंडोजवर मात्र, मिनजीडब्ल्यूसारख्या मुक्त साधनाने लिहिलेल्या प्रोग्रामच्या खिडकीवर ‘काटापट्टी’ (वजनाची पावती) असे एखादे शीर्षक, अक्षरांना दोन-दोन बाइट देणारी कार्ये वापरून, थेट मराठीत उमटवता येते.