म्हैसूरची शाई, कावसजीचं नाक

मतदान केल्यावर डाव्या तर्जनीवर जी काळी रेघ ओढली जाते, ती म्हैसूरची. नलवडी कृष्णराज वाडियार यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यात, म्हणजे आजच्या ‘म्हैसूर पेंट्स अँड वार्निश’मध्ये, ही शाई बनते आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती देशभर जाते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं आणि त्यावर उजेड पडला की काळं होतं. मग साबण घासा नाहीतर लिंबू चोळा, ते हटत नाही. तरीही काही आठवड्यांत कातडीवरचा डाग आपसूक निघून जातो, कारण तो बसलेला असतो मेलेल्या पेशींच्या वरच्या थरावर. तो थर रोज थोडा थोडा झडतो आणि शाईही त्याच्याबरोबर जाते. नखावरची रेघ नख वाढून कापलं जाईपर्यंत टिकते, इतकंच. शरीराला या शाईची दखलही घ्यावी लागत नाही.

आजीच्या हनुवटीवरचं गोंदण मात्र साठ-सत्तर वर्षं जागचं हलत नाही. तिथली काजळी सुईनं खालच्या, जिवंत थरात उतरवलेली असते. तिथे भक्षक पेशींचा पहारा असतो. वैद्यकात त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. या पेशी काजळीचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत आणि बाहेरही टाकता येत नाहीत. ते पोटात धरून त्या तिथेच बसून राहतात. गोंदण म्हणून आपण जे पाहतो, ते बरंचसं या पेशींच्या पोटातलं काजळ असतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं, की रंग धरून बसलेली पेशी मेली की सुटलेले कण शेजारी आलेली नवी पेशी उचलते. पहारेकरी बदलतात, कैदी तोच राहतो.

या पेशींचं काम पहिल्यांदा ओळखलं ते एका काट्यामुळे. रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे समुद्री जीवांचा अभ्यास करत होता. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या अंगात त्यानं बागेतला काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातला होता. ना मेंदू, ना रक्त, अशा जीवालासुद्धा आपलं काय नि परकं काय हे कळत होतं. याच कामासाठी त्याला १९०८ चं नोबेल पारितोषिक पॉल एर्लिशबरोबर विभागून मिळालं.

शेतात अनवाणी चाललेल्या कोणालाही या प्रयोगाचा पुढचा भाग ठाऊक असतो. पायात बाभळीचा काटा मोडला तर एक तर तो पिकतो आणि पुवाबरोबर बाहेर येतो, नाहीतर आत राहून गाठ धरतो. मेलेलं लाकूड जंतू घेऊन येतं, म्हणून बहुधा पिकतं. पण वस्तू निर्जंतुक असेल, धातूची किंवा प्लॅस्टिकची असेल, तर शरीर दुसरी वाट धरतं. काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं तिच्यावर चिकटतात. काही तासांत पांढऱ्या पेशी पोचतात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज. वस्तू गिळता येण्याजोगी नसली की अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून एक मोठी, पुष्कळ केंद्रकांची पेशी तयार होते. तीही हरली की तंतू विणणाऱ्या पेशी येतात आणि काही आठवड्यांत त्या वस्तूभोवती कोलॅजेनची भिंत उभी राहते. त्वचेखाली बारीक तार ठेवून साखर मोजणारे सेन्सर साधारण दहा-पंधरा दिवसांत बदलावे लागतात, त्यामागे याच हालचालींचाही हात असतो.

‘डॉक्टर, बॉडी रिजेक्ट तर नाही ना करणार?’ हा प्रश्न गुडघा बदलायला निघालेला प्रत्येक जण विचारतो. भावानं दिलेली किडनी शरीर नाकारू शकतं, कारण तिच्या पेशींवर दुसऱ्या माणसाची ओळख कोरलेली असते. म्हणून तर आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात. धातूवर अशी ओळख नसते. निकेलची ॲलर्जी वगैरे अपवाद सोडले, तर धातू त्या अर्थानं नाकारला जात नाही. पण तो स्वीकारलाही जात नाही. शरीर त्याच्याशी तह करतं, आणि तहाची कलमं कधीही मोडू शकतात.

खरोखर स्वीकारली जाते ती फक्त आपलीच वस्तू. याचा जगाला पटलेला पुरावा म्हैसूरच्याच परिसरातून निघाला आणि पुण्याजवळ पुरा झाला.

म्हैसूरपासून पंधरा-एक किलोमीटरवर श्रीरंगपट्टण. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा गडी टिपूच्या हाती लागला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं आहे. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्याचे दोन डॉक्टर, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, तिथे हजर होते. कावसजीचं चित्र जेम्स वेल्सनं काढलं आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये हकीकत छापून आली. पाहणाऱ्यांची नावं राहिली, चित्रकाराचं राहिलं. ज्यानं हत्यार चालवलं त्याचं नाव लिहून घ्यावं, असं मात्र कुणाला वाटलं नाही.

त्यानं केलं काय? मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक बनवून ते चेहऱ्यावर बेतलं, सपाट करून कपाळावर ठेवलं आणि भोवती रेघ आखली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक पट्टी जोडलेलीच ठेवली. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जुन्या व्रणाची कड छिलून तिथल्या चिरेत बसवली. वर भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात बुडवलेल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकली. सगळी मेख त्या पट्टीत होती. नवीन जागी रक्तवाहिन्या रुजेपर्यंत कातडीला कपाळातूनच रक्त मिळत राहिलं. कातडी कावसजीचीच असल्यामुळे पहारेकऱ्यांनी बोट उचललं नाही. लंडनमध्ये जोसेफ कार्पू यानं १८१४ मध्ये हीच रीत वापरली, १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि कपाळाच्या कातडीचं नाक युरोपभर गेलं. कपाळाची ती घडी आजही प्लॅस्टिक सर्जन वापरतात.

पण कपाळातून खुबा काढता येत नाही आणि डोळ्याचं भिंगही नाही. तिथे परकं आणावंच लागतं. मग प्रश्न उरतो, कोणत्या परक्याशी तह टिकेल? याची उत्तरं बऱ्याचदा अपघातानं मिळाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे कण घुसले. डॉक्टर हॅरॉल्ड रिडलीच्या लक्षात आलं, की ते कण वर्षानुवर्षं शांत बसून आहेत. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यानं त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. मोठ्या डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं, आणि आज गावोगावच्या शिबिरांत ‘लेन्स टाकली’ म्हणतात ती या कल्पनेची नात. स्वीडनमध्ये ब्रोनमार्क या संशोधकानं सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची डबी काढायला गेल्यावर निघेना, हाड तिला घट्ट बिलगलं होतं. दातांची इम्प्लांट त्यातून आली. हाडाची ही मिठीसुद्धा मुळात परक्याला कोंडण्याचीच एक रीत आहे, असं काही संशोधक मानतात.

खुब्याच्या बाबतीत तहाची किंमत कळायला जास्त वेळ लागला. इंग्लंडमध्ये सर्जन जॉन चार्नलीनं खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली. रुग्ण उठून चालू लागले. तीन-चार वर्षांत टेफ्लॉन झिजलं आणि सांध्यात त्याच्या कणांचे गोळे साठले. अख्खी वाटी मॅक्रोफेजना गिळता येत नव्हती, पण तिची पूड येत होती, आणि पूड गिळून चवताळलेल्या पेशी दुसऱ्या पेशींना भोवतालचं हाड खायला लावतात. चार्नलीनं शेकडो रुग्णांचे सांधे पुन्हा उघडले. दरम्यान कापडगिरण्यांच्या यंत्रांना दंतचक्रं विकणाऱ्या एका माणसाकडून पॉलिथिलीनचा तुकडा त्याच्याकडे आला. पुन्हा फसायचं नाही म्हणून त्यानं दोन्ही प्लॅस्टिकचे नमुने स्वतःच्याच मांडीत घातले. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत होत्या, पॉलिथिलीनचा पत्ताही लागत नव्हता. १९६२ पासून त्याच्या वाट्या पॉलिथिलीनच्या झाल्या.

जंतूंचं गणित आणखी वेगळं. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांवर पाहिलं, की कातडीखाली पू व्हायला लाखो स्टॅफिलोकोकस जंतू लागतात, पण तिथे रेशमाचा एक टाका असेल तर काहीशे पुरतात. परक्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून लपतात आणि तिथे ना पहारेकरी पोचतात ना प्रतिजैविकं. गुडघा बदलल्यावर दातातला पू किंवा पायाची जखम अंगावर काढू नका असं सर्जन बजावतात, ते उगाच नव्हे.

चार्नलीचा धडा कंपन्यांनी विसरावा हे मात्र अक्षम्य. धातूवर धातू घासणारा ‘डेप्यू एएसआर’ खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला, तेव्हा तो सुमारे ९३ हजार लोकांच्या अंगात होता. घासून निघालेल्या कोबाल्ट-क्रोमियममुळे सांध्याभोवतीची ऊती मरत होती, रक्तात धातू चढत होता. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसवले होते. केंद्रानं नेमलेल्या समितीला त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. ज्यांची नोंद सापडत नाही, त्यांना इशारा देणार कोण?

इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, मॉडेल आणि बॅच क्रमांक छापलेले स्टिकर येतात. लेन्स, स्टेंट, प्लेट, गुडघा, काहीही बसवलं असेल तर त्यातलं एक तुमच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवलंय का ते घरी येण्याआधीच पाहा, नसेल तर मागून घ्या. त्याचा फोटो मुलांच्या फोनमध्येही ठेवा, कारण कार्ड हरवतं आणि खुबा पंधरा-वीस वर्षं अंगात असतो.