प्रवास करून आलेल्या अंड्यांची उबवणी : आत जीव वाढतो आहे का, हे कसे ओळखावे?

मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आणि या काळ्या जातीविषयी देशभर कुतूहल वाढले. जिवंत पिल्ले दूरवर नेण्यापेक्षा फलित अंडी मागवून ती घरच्या लहान उबवणी यंत्रात ठेवण्याचा मार्ग अनेक हौशी व लहान कुक्कुटपालक स्वीकारतात. कडकनाथ कोंबडी स्वतः उबवणीला फारशी बसत नसल्यानेही यंत्राचा आधार घ्यावा लागतो. मात्र शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या अंड्यांतून किती पिल्ले बाहेर येतील आणि न आल्यास दोष कोणाचा, हे प्रश्न हमखास उपस्थित होतात. त्यांची बरीचशी उत्तरे अंधाऱ्या खोलीत, टॉर्चच्या प्रकाशात मिळू शकतात.

प्रवासाचा परिणाम

अंड्याच्या रुंद टोकाशी दोन पापुद्र्यांमध्ये हवेची पोकळी असते. सततच्या हादऱ्यांनी हे पापुद्रे सुटतात आणि हवेचा बुडबुडा अंड्यात इकडेतिकडे सरकू लागतो. बलक जागेवर धरून ठेवणारे पीळदार तंतूही हादऱ्यांनी कमकुवत होतात.

उष्णता हे दुसरे संकट आहे. उबवणीसाठीची अंडी साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात साठवल्यास आतील भ्रूण सुप्तावस्थेत राहतो. उन्हाळ्यात बसच्या टपावर किंवा गोदामात हे तापमान सहज ओलांडले जाते. त्यामुळे भ्रूणाची वाढ अर्धवट सुरू होते, पुन्हा खंडित होते आणि अनेकदा तो दगावतो. साठवण व प्रवास मिळून सात दिवसांपेक्षा अधिक काळ गेल्यास पिल्ले निघण्याचे प्रमाण घटत जाते.

म्हणूनच अंडी हाती येताच यंत्रात ठेवणे योग्य नव्हे. ती रुंद टोक वर ठेवून १२ ते २४ तास स्थिर राहू द्यावीत. याच वेळी प्रकाशात धरून तडे व हवेची पोकळी पाहून घ्यावी. पोकळी सरकत असल्यास अंडे यंत्रातही उभेच ठेवावे आणि पहिले दोन-तीन दिवस ते फिरवू नये.

सातवा दिवस

हवा खेळवणारा पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान राखले जाते. सातव्या दिवशी अंधार करून अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावावा. वाढ सुरू असल्यास मध्यभागी गडद ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या लाल रक्तवाहिन्या दिसतात. अंडे स्वच्छ दिसून केवळ बलकाची पुसट सावली जाणवल्यास त्यात वाढ झालेली नाही. रक्ताचे लाल कडे दिसल्यास भ्रूण सुरुवातीच्या दिवसांतच दगावला, असे समजावे.

कडकनाथ कोंबडी काळी असली तरी तिचे अंडे काळे नसते. त्याचे कवच फिकट तपकिरी असते. तरीही पांढऱ्या अंड्याच्या तुलनेत त्यात प्रकाश कमी शिरत असल्याने शंका असलेले अंडे लगेच टाकून देऊ नये. त्यावर पेन्सिलीने खूण करून तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. दुर्गंधी येणारे किंवा पाझरणारे अंडे मात्र तत्काळ काढावे. असे अंडे फुटल्यास त्यातील जंतू सर्व अंड्यांवर पसरतात.

चौदावा आणि अठरावा दिवस

चौदाव्या दिवशी अंड्याचा बराचसा भाग गडद दिसतो आणि कधीकधी हालचालही जाणवते. अठराव्या दिवशी हवेची पोकळी वगळता जवळपास सर्व अंडे काळोखे दिसते. या काळात ओलावा बाहेर पडून पोकळी मोठी होत जाते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ ते १३ टक्क्यांनी घटणे अपेक्षित असते. म्हणजे ५० ग्रॅमचे अंडे सुमारे ४४ ग्रॅमचे व्हावे. पोकळी सुटलेल्या अंड्यात तिचा आकार ताडणे कठीण असल्याने तेथे वजनकाटा अधिक भरवशाचा ठरतो. वजन कमी घटल्यास यंत्रातील आर्द्रता कमी करावी, अधिक घटल्यास वाढवावी.

दोष कोणाचा?

सातव्या दिवशी स्वच्छ दिसलेले प्रत्येक अंडे अफलित असतेच असे नाही. प्रवासातील उष्णतेने भ्रूण अगदी आरंभीच दगावला, तरी ते तसेच दिसते. हा भेद केवळ प्रकाशात कळत नाही. त्यासाठी काढून टाकलेले अंडे बशीत फोडून पाहावे लागते. बलकावर लहान, घट्ट पांढरा ठिपका असल्यास अंडे अफलित होते. ठिपक्याभोवती वलय किंवा पसरलेला पापुद्रा दिसल्यास ते फलित होते आणि वाढ नंतर थांबली. पहिल्या स्थितीत विक्रेत्याकडील कळपात नर पुरेसे आहेत का, हे विचारता येते. दुसऱ्या स्थितीत अंड्यांचे वय, वाहतूक आणि आपल्या यंत्राचे तापमान या तिन्ही बाबी तपासाव्या लागतात. म्हणून पैसे परत मागण्यापूर्वी ही तपासणी करणे दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते.

वीज खंडित होण्याची भीती सर्वांनाच असते. परंतु थोडा वेळ अंडी थंड होण्यापेक्षा यंत्र अतितप्त होणे अधिक घातक असते. तपासणीसाठी काही मिनिटे अंडी बाहेर राहिल्याने सहसा अपाय होत नाही. अठराव्या दिवसानंतर मात्र अंडी फिरवणे थांबवावे, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावी आणि झाकण वारंवार उघडू नये. एकविसाव्या दिवशी चोच न दिसल्यास घाई न करता आणखी एक-दोन दिवस वाट पाहावी. प्रवास करून आलेल्या अंड्यांतील पिल्ले काहीशी उशिरानेही बाहेर येतात.