खोक्यावरचं नाव कोण तपासतं? सॉफ्टवेअरमधला परवानगीचा घोळ आणि आपला धंदा



मागच्या व्हिडिओत आपण पासवर्ड आणि ओटीपीवर बोललो. त्यावर एका ताईंनी विचारलं, "सर, आमच्या ऑर्डरच्या सॉफ्टवेअरला पासवर्ड आहे, ओटीपी पण आहे. आता निवांत झोपायला हरकत नाही ना?"

ताई, कुलूप चांगलं आहे. पण एकदा आत आलेला माणूस कोणत्या खोलीत जातो, ते कोण बघतंय? आजचा विषय तोच.

आधी एक अनुभव सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. आमच्या एका बॅचला किराणा मालाचे एक होलसेल व्यापारी आले होते. नवीन ऑर्डर वेबसाइट बनवून घेतली होती, कौतुकाने प्रोजेक्टरवर दाखवत होते. एका दुकानदाराच्या नावाने लॉगिन केलं, बिल उघडलं. लिंकच्या शेवटी आकडा होता ४१२. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "काका, तिथे ४११ टाकून बघा ना." टाकलं. दुसऱ्याच दुकानदाराचं बिल समोर! नाव, फोन नंबर आणि दरसुद्धा.

काका एकदम गप्प झाले. कारण ते प्रत्येक दुकानदाराला वेगळा दर देत होते. वीस वर्षांचे संबंध त्या एका आकड्यावर टांगलेले होते.

इथे कोणी पासवर्ड चोरला नव्हता. लॉगिन अगदी बरोबर चाललं होतं. चूक वेगळीच होती.

दोन प्रश्न, दोन उत्तरं

सॉफ्टवेअरला दर वेळी दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, "तू कोण?" याला म्हणतात ऑथेंटिकेशन, म्हणजे ओळख पटवणं. दुसरा, "तुला हे करायची परवानगी आहे का?" हे ऑथोरायझेशन. पासवर्ड आणि ओटीपी फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. काकांच्या वेबसाइटने दुसरा प्रश्न विचारलाच नव्हता.

तुम्ही म्हणाल, स्वस्तात काम करून घेतलं की असंच होणार. तसं नाही हो. ही चूक जगातल्या मोठमोठ्या ठिकाणीही झालेली आहे. वेबसाइटमधल्या धोक्यांची यादी काढणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत परवानगीतला घोळ पहिल्या नंबरवर आहे. २०१७ मध्ये तो पाचवा होता.

एनपीएमची गोष्ट

आजकाल कोणीही डेव्हलपर सगळा कोड स्वतः लिहीत नाही. हलवाई जसा मावा बाहेरून आणतो, तसे तयार तुकडे आणले जातात. त्यांना पॅकेज म्हणतात. जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे एनपीएम. २०२० पासून ते गिटहबच्या मालकीचं आहे आणि गिटहब मायक्रोसॉफ्टचं. तुमच्या वेबसाइटमध्येही बहुतेक तिथला माल असेलच.

२ नोव्हेंबर २०२१ ला दोन सुरक्षा संशोधकांनी गिटहबला कळवलं की एनपीएमवर कोणीही, दुसऱ्याच्या कोणत्याही पॅकेजची नवीन आवृत्ती टाकू शकतो. स्वतःच्या साध्या खात्यातून!

हे कसं शक्य झालं? गोडाऊनचं उदाहरण घ्या. गेटवर वॉचमन आहे, तो गेटपास वाचतो. पासवर लिहिलंय "अ कंपनीचा माल", आणलाय अ कंपनीच्याच माणसाने. बरोबर आहे, सोडलं. आत गोडाऊन कीपर आहे. तो पास बघत नाही, खोक्यावरचं लेबल वाचतो. लेबलवर लिहिलंय "ब कंपनी". त्याने खोका ब च्या रॅकवर ठेवला. दोघांनीही आपापलं काम केलं आणि तरी नको तो माल नको तिथे गेला.

एनपीएममध्ये नेमकं हेच होत होतं. परवानगी तपासणारी यंत्रणा लिंकमधलं पॅकेजचं नाव बघायची. प्रत्यक्ष पॅकेज बदलणारी यंत्रणा मात्र अपलोड केलेल्या फाइलच्या आतलं नाव बघायची. ही दोन नावं एकच आहेत का, हे कोणी तपासतच नव्हतं.

गिटहबने सहा तासांच्या आत दुरुस्ती केली. सप्टेंबर २०२० पासूनच्या नोंदी हातात होत्या. त्या पाहून त्यांनी सांगितलं की त्या काळात कोणी याचा गैरफायदा घेतलेला नाही. पण चूक त्याच्याही आधीपासून होती आणि त्या जुन्या काळाबद्दल तसं ठामपणे सांगता आलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आणखी एक गोष्ट बघा. इथे ओटीपी काहीच कामाचा नव्हता. खोडसाळ माणूस स्वतःच्याच खात्यातून, स्वतःच्याच ओटीपीने आत आला असता!

"फक्त कार्यालयीन उपयोगासाठी"

याआधीची एक गोष्ट ४ मार्च २०१२ ची आहे. एगोर होमाकोव नावाच्या तरुण रशियन डेव्हलपरने 'रेल्स' या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या टीमला एक धोका समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. गिटहब स्वतः रेल्सवरच बनलेलं होतं. मग त्याने गिटहबवरच करून दाखवलं. स्वतःची चावी रेल्सच्या खात्यात घुसवली आणि तिथे एक फाइल टाकली. नुकसान काही केलं नाही.

बँकेच्या फॉर्मवर खाली "फक्त कार्यालयीन उपयोगासाठी" असा रकाना असतो ना? समजा तो रकाना ग्राहकानेच भरला आणि क्लार्कने न बघता तसाच पुढे पाठवला, तर? गिटहबच्या फॉर्ममध्ये तेच झालं. ही चावी कोणाच्या खात्याची, हे सर्व्हरने स्वतः ठरवायला हवं होतं. पण फॉर्ममधून जे आलं ते त्याने मुकाट्याने घेतलं. गिटहबने आधी त्याचं खातं बंद केलं, नंतर परत सुरू केलं. रेल्सनेही पुढे पद्धत बदलली. कोणते रकाने बाहेरून घ्यायचे हे आधी लिहून द्यायचं, बाकी सगळं नाकारायचं.

आता आपण काय करायचं?

डेव्हलपरला या चार गोष्टी विचारा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

१. प्रत्येक बिल, ऑर्डर, फाइल उघडताना "ही याच माणसाची आहे का" हे सर्व्हरवर तपासलं जातं का? स्क्रीनवरचं बटण लपवणं म्हणजे तपासणी नाही.

२. ज्या वस्तूची परवानगी तपासली, काम त्याच वस्तूवर होतं ना? पास आणि खोका, दोन्हीवर एकच नाव पाहिजे.

३. परवानगी स्पष्ट दिलेली नसेल तर उत्तर "नाही" असं आहे ना?

४. कोणी काय उघडलं, काय बदललं याची नोंद राहते का? सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. छोट्या उद्योगांना त्यातून सूट नाही.

आणि या चार गोष्टी तुम्ही स्वतः करायच्या.

१. सोर्स कोडचं खातं, डोमेन, होस्टिंग हे सगळं तुमच्या किंवा कंपनीच्या नावावर घ्या. डेव्हलपरला आत बोलावा, पण मालकी देऊ नका.

२. ज्याला जेवढं काम तेवढीच परवानगी. अकाउंट्सच्या मुलीला ॲडमिन कशाला?

३. काम सोडून गेलेल्याचं खाते त्याच दिवशी बंद करा. त्याने जोडलेल्या ॲप्सच्या डिजिटल चाव्या, म्हणजे टोकन, तेही रद्द करा. एप्रिल २०२२ मध्ये हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या दोन सेवांना दिलेली टोकन्स चोरीला गेली आणि ती वापरून अनेक संस्थांचा गिटहबवरचा खाजगी कोड उतरवला गेला. चावी तुम्ही ज्याला दिली, त्याच्याकडूनही ती चोरीला जाऊ शकते.

४. दोन लॉगिनची परीक्षा घ्या. स्वतःच्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन खोटे ग्राहक तयार करा. एकाच्या लॉगिनने दुसऱ्याचं बिल उघडतंय का बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

एक सूचना. हा प्रयोग फक्त आपल्याच सॉफ्टवेअरवर करायचा. दुसऱ्याच्या वेबसाइटवर गंमत म्हणूनही नको. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. कुठे काही दिसलंच तर मालकाला शांतपणे कळवा.

आता काकांचं पुढे काय झालं ते सांगतो. डेव्हलपरने दुरुस्ती केली, फार वेळ लागला नाही. मग काकांनी त्याला विचारलं, "आतापर्यंत कोणी कोणाची बिलं बघितली?" तो म्हणाला, "काका, नोंदच नाही." एनपीएमकडे निदान वर्षभराच्या नोंदी होत्या. काकांकडे एका दिवसाचीही नव्हती. शेवटी त्यांनी मोठ्या दुकानदारांना स्वतः फोन केले आणि दराचा फरक कशामुळे आहे ते समजावून सांगितलं. एक जण तुटला, बाकीचे टिकले. ते मला म्हणाले, "सर, आधी मी सांगितलं म्हणून टिकले. दुसरीकडून कळलं असतं तर नसते टिकले."

तर या आठवड्याचा गृहपाठ म्हणजे दोन लॉगिनची परीक्षा. निकाल काय आला ते कमेंटमध्ये लिहा. मात्र चूक सापडली असेल तर वेबसाइटचं नाव लिहू नका, आधी दुरुस्त करून घ्या. पुढच्या व्हिडिओत बघू, डेव्हलपरशी करार करताना मालकी आणि चाव्यांबद्दल कोणती वाक्यं लिहून घ्यायची.

काळजी घ्या, धंदा वाढवा. भेटू या!