कळफलक शॉर्टकटांची सुसंगती

कळफलक शॉर्टकट म्हणजे संगणकाला एखादी आज्ञा देण्यासाठी दाबावयाची ठरावीक कळ अथवा कळांचा संच होय. एका कृतीसाठी सर्वत्र एकच संच आणि एका संचाचा सर्वत्र एकच अर्थ, या तत्त्वास शॉर्टकटांची सुसंगती म्हणतात. सराव झालेला वापरकर्ता शॉर्टकट आठवून वापरत नाही. तो बोटांच्या वळणी पडलेला असतो. त्यामुळे अर्थ बदलल्यास चूक लक्षात येण्यापूर्वीच घडून जाते.

इतिहास

डॉस प्रणालीच्या काळात प्रत्येक सॉफ्टवेअरचे शॉर्टकट निराळे असत. लोटस १-२-३ मध्ये एफ१ ही कळ मदतीसाठी होती, वर्डपर्फेक्ट ५.१ मध्ये मात्र मदत एफ३ वर आणि 'रद्द करा' ही आज्ञा एफ१ वर होती. १९८४ मध्ये आलेल्या ॲपल मॅकिंटॉशने पूर्ववत करणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या कृतींसाठी कमांड कळीसह अनुक्रमे झेड, एक्स, सी, व्ही ही अक्षरे रूढ केली. या चारही कळा खालच्या ओळीत शेजारी असल्याने उजवा हात माउसवर ठेवूनही त्या दाबता येतात. १९८७ मध्ये आयबीएमने 'कॉमन यूझर ॲक्सेस' ही नियमावली प्रसिद्ध केली. तिच्या परंपरेतील शिफ्ट+डिलीट (कापणे), कंट्रोल+इन्सर्ट (नक्कल) आणि शिफ्ट+इन्सर्ट (चिकटवणे) हे संच विंडोजमधील अनेक सॉफ्टवेअर आजही स्वीकारतात. पुढे विंडोजनेही कंट्रोल कळीसह मॅकिंटॉशचीच अक्षरे घेतली.

रचनेची तत्त्वे

* रूढ शॉर्टकटचा अर्थ बदलू नये. कंट्रोल+एफ सर्वसाधारणपणे शोधण्यासाठी असतो. आउटलुकच्या विंडोज आवृत्तीत मात्र त्याने पत्र पुढे पाठवण्याची आज्ञा दिली जाते.
* घातक कृती नित्याच्या कृतीशेजारी नसावी. मॅकवर कमांड+डब्ल्यू खिडकी बंद करतो, तर लगतचा कमांड+क्यू संपूर्ण सॉफ्टवेअर बंद करतो.
* मूळ प्रणालीशी संघर्ष टाळावा. युनिक्स टर्मिनलमध्ये कंट्रोल+सी चालू प्रक्रिया थांबवतो. म्हणून लिनक्सवरील अनेक टर्मिनलांत नक्कल करण्यासाठी कंट्रोल+शिफ्ट+सी वापरतात.
* मेनूमध्ये आज्ञेसमोर तिचा शॉर्टकट दाखवावा, म्हणजे तो वेगळा पाठ करावा लागत नाही.

भाषा आणि शॉर्टकट

शॉर्टकटचे अक्षर शब्दावरून निवडल्यास भाषांतरात अडचण येते. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या स्पॅनिश आवृत्तीत ठळक अक्षरांसाठी 'नेग्रिता' या शब्दावरून कंट्रोल+एन आहे. इंग्रजी आवृत्तीत तोच संच नवा दस्तऐवज उघडतो. इनस्क्रिप्ट मराठी कळफलकात सी आणि व्ही या कळांवर अनुक्रमे 'म' व 'न' उमटतात; परंतु विंडोजमध्ये कंट्रोल दाबल्यावर त्याच कळा नक्कल करण्याचे व चिकटवण्याचे काम करतात. मराठी टंकलेखकाला त्यामुळे भाषा बदलली तरी सवय बदलावी लागत नाही.

सुलभता

अंध व्यक्तींना, तसेच माउस वापरता न येणाऱ्या अनेकांना कळफलक हेच संगणक वापरण्याचे मुख्य साधन असते. स्क्रीन रीडरचे स्वतःचेही शॉर्टकट असल्याने नव्या सॉफ्टवेअरने त्यांच्यावर अतिक्रमण केल्यास वाचन अडते. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या मानकानुसार, केवळ एका अक्षराचा शॉर्टकट बंद करण्याची किंवा बदलण्याची सोय हवी, अथवा तो संबंधित घटक निवडलेला असतानाच चालावा. आवाजाने मजकूर सांगणाऱ्या व्यक्तीच्या बोलण्यातील अक्षरांमुळे नको ती आज्ञा दिली जाऊ नये, हा या नियमाचा एक हेतू आहे.