चंद्राच्या नांवाचें विष

मासळीबाजारांत गेलेली गृहिणी मासा घेण्यापूर्वीं त्याचा कल्ला उचलून पाहते. आंत लालभडक दिसलें आणि डोळा स्वच्छ असला, म्हणजे तिचें समाधान होतें. ताज्या-शिळ्याची परीक्षा करण्यास ही कसोटी पुरेशी आहे. परंतु मासा ज्या पाण्यांत वाढला त्या पाण्याची प्रकृति कशी होती, हें तिच्यावरून कळत नाहीं. अमेरिकेंतील एका तळ्यांत धडधाकट दिसणारे मासे पोहत होते आणि त्याच वेळीं त्यांचा वंश बुडत चालला होता. तें कसें घडलें, हें येथें सांगावयाचें आहे.

इ. स. १८१७ मध्यें बर्झेलियस नांवाच्या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञास गंधकाम्लाच्या कारखान्यांतील गाळांत एक नवें मूलद्रव्य सांपडलें. ग्रीक लोकांच्या चंद्रदेवतेवरून त्यानें त्यास ‘सेलेनियम’ असें नांव दिलें. गुणानें तें गंधकाचें भावंड आहे. त्यास निव्वळ विष म्हणावें, तर अत्यल्प प्रमाणांत तें मिळाल्यावांचून मनुष्याचें काय किंवा माशाचें काय, शरीर नीट चालत नाहीं. पेशींत उत्पन्न होणारीं दाहक द्रव्यें निवविणाऱ्या एका विकरांत सेलेनियम असतें. मात्र भाजींतील मिठाप्रमाणें येथें प्रमाणालाच सर्व महत्त्व आहे. आणि ‘पुरेसें’ व ‘फाजील’ यांमधील अंतर फारच थोडें आहे.

हें द्रव्य दगडी कोळशांत असतें. कोळसा जळाला म्हणजे त्यांतील पुष्कळसें राखेंत उतरतें. उत्तर कॅरोलायना संस्थानांत बेल्यूज नांवाचें सुमारें १५०० हेक्टरांचें तळें वीजगृहाच्या यंत्रांना थंड पाणी मिळावें म्हणून बांधलें होतें. १९७४ पासून त्या वीजगृहाची राख पाण्यानें वाहून एका डबक्यांत सोडीत, आणि डबक्याचें पाणी तळ्यास मिळे. तळ्याच्या पाण्यांत सेलेनियम किती झालें? लिटरास अवघे दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार लिटरांच्या टाकींत दहा मिलिग्रॅम! इतक्यानें काय होणार, असें कोणासही वाटेल.

पण मासा केवळ पाण्यांत राहत नाहीं. तो तेथें जेवतोही. सूक्ष्म शेवाळें पाण्यांतील सेलेनियम शोषून घेतात, तें शेवाळ बारीक किडे खातात, आणि किड्यांवर मासे जगतात. अशा रीतीनें पाण्यांत नगण्य असलेलें द्रव्य माशाच्या शरीरांत शेंकडों पटींनीं सांचतें. मादी तें आपल्या अंड्यांत सांठविते. स्वतः ती सुदृढ दिसते, अंडीं घालते, तीं फुटतातही. परंतु बलकांतील अन्न पिल्लू पचवूं लागलें कीं, त्या अन्नाबरोबर विषही अंगीं भिनतें. मग पाठीचा कणा वांकडा, तोंड विद्रूप, पर अपुरे, असे जीव निपजतात आणि बहुतेक मरून जातात. सेलेनियम प्रथिनांतील गंधकाची जागा बळकावतें म्हणून असें होतें, अशी पूर्वीं समजूत होती. अलीकडे, पेशींत त्यामुळें उठणारा दाह हेंच मुख्य कारण असावें, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानितात. माफक असतां दाह निवविणारें तेंच, आणि अधिक होतांच दाह पेटविणारेंही तेंच!

मेलेल्या माशांचा खच कोठें दिसला नाहीं. नवी पिढी मात्र येईनाशी झाली. तळ्यांतील वीस जातींपैकीं एकोणीस नष्ट झाल्या. टिकली ती गॅम्बुसिया नांवाची चिमुकली मासोळी. डांसांच्या अळ्या खाव्या म्हणून हीच आपल्याकडे विहिरींत व डबक्यांत सोडतात.

मोठे मासेही सर्वस्वीं निरोगी नव्हते. तपासून पाहतां त्यांच्या कल्ल्यांतील नाजूक पापुद्रे सुजलेले, रक्त फिकें, कित्येकांचे डोळे बाहेर आलेले व धुरकट झालेले आढळले. कल्ला सुजला म्हणजे श्वासास कष्ट पडतात आणि जगण्यासच अधिक शक्ति खर्चावी लागते. ह्या ताणाचा परिणाम डेनिस लेम्ली ह्या शास्त्रज्ञानें १९९३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्पष्ट झाला. त्यानें ब्लूगिल जातीचे लहान मासे सेलेनियमयुक्त पाण्यांत व अन्नावर १८० दिवस ठेविले. कांहीं २० अंश उष्णतेंत, कांहीं ४ अंशांच्या थंडींत. उबदार पाण्यांतील मासे अधिक खाऊन ती तूट भरून काढीत. थंडींतल्यांची भूक मात्र मंदावली. परीक्षेच्या दिवसांत आपल्यापैकीं कित्येकांचें असेंच होतें, पण आपल्याला आई बळेंच दोन घांस भरविते! त्या माशांच्या अंगची चरबी झपाट्यानें आटत गेली व त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश मेले. उन्हाळ्यांत जें विष सोसतें, तेंच हिवाळ्यांत जीव घेतें, तें असें.

बेल्यूज तळ्यांत राखेचें पाणी सोडणें १९८५ च्या अखेरीस बंद झालें. राख कोरडीच उचलून जमिनींत पुरूं लागले. मासे हळूहळू परतले. तथापि १९९६ मध्यें पाहणी केली असतां तळाच्या गाळांत सेलेनियम अद्याप होतेंच. गाळांतून तें किड्यांत, किड्यांतून माशांत व तेथून अंड्यांत, प्रमाण पूर्वींपेक्षां पुष्कळ कमी असलें तरी, उतरतच होतें.