समुद्रावरचा कामगार आणि मालकाने निवडलेली युनियन

क्रूझ जहाज म्हटले की डोळ्यांपुढे रोषणाई येते. तरंगते हॉटेल, पोहण्याचे तलाव, नाचगाणी. वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्या या सफरींची वर्णने करताना थकत नाहीत. पण त्याच जहाजाच्या तळमजल्यांवर, खिडकी नसलेल्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारा कामगार त्या पुरवण्यांत कधी दिसत नाही. तो भांडी घासतो, चादरी बदलतो, संडास धुतो, कांदा चिरतो. तो गोव्याचा तारवटी असतो, कोकणातला असतो. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून, घरावर कर्ज काढून बोटीवर चढलेला आपल्या वस्तीतला पोरगाही असतो. या कामगाराच्या हक्कांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आम्हाला विचारायचा आहे.

कारखान्यातल्या कामगाराला आपला मालक कोण आणि कायदा कोणत्या देशाचा, हे ठाऊक असते. बोटीवर तेच ठाऊक नसते. रॉयल कॅरिबियन या बलाढ्य कंपनीचे उदाहरण घ्या. मुख्य कचेरी अमेरिकेतील मायामीत, कंपनीची नोंदणी आफ्रिकेतील लायबेरियात आणि तिच्या अनेक जहाजांवर झेंडा बहामाचा! कामगार भारताचा, फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा, असा समुद्राचा नियम आहे. मग जिथे कर कमी आणि कामगार कायदे सैल, तिथलाच झेंडा मालक विकत घेतो. याला ‘सोयीचा झेंडा’ म्हणतात. सोय अर्थातच मालकाची! आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ, म्हणजे आयटीएफ, 1948 पासून या झेंड्यांविरुद्ध लढतो आहे.

झेंड्याने काय फरक पडतो? हवाई बेटांत फिरणारे ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे जहाज पाहा. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेणारे जहाज अमेरिकन झेंड्याचेच हवे, असा तिथला 1886 चा कायदा आहे. म्हणून या जहाजावर अमेरिकेचे कामगार कायदे लागू होतात आणि तिथली खलाशी युनियन कामगारांच्या वतीने बोलते. याच कंपनीच्या बहामाच्या झेंड्याखालील जहाजावर वेटर तेच काम करतो, तसेच ताट उचलतो. पण त्याचे हक्क वेगळे. माणसाची किंमत कामावरून नव्हे, तर तो कुठे जन्मला यावरून ठरवायची, ही रीत आम्हाला नवी नाही. तिचे समुद्रावरचे रूप तेवढे ओळखले पाहिजे.

हे हक्क कागदावर कसे विरतात, याचा पुरावा मायामी बंदरात आहे. 25 मे 2003 रोजी ‘नॉर्वे’ नावाच्या बहामाच्या झेंड्याच्या क्रूझ जहाजावर बॉयलरचा स्फोट झाला. आठ कामगार मेले. मृतांत आणि जखमींत फिलिपिनो खलाशी होते. त्यांच्यापैकी काहींनी आणि मृतांच्या वारसांनी अमेरिकेच्या न्यायालयात दाद मागितली. 2005 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले की, तुमच्या नोकरीच्या करारात लवादाची अट आहे. तेव्हा न्यायालयात नव्हे, फिलिपिन्समध्ये लवादापुढे जा. स्फोट अमेरिकेच्या बंदरात, कंपनीची कचेरी अमेरिकेत, पण न्यायालयाचे दार बंद! पुढे 2008 मध्ये कंपनीने अक्षम्य निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला, तो अमेरिकेच्या सरकारी खटल्यात. कामगाराने सही केलेल्या कागदातील एक ओळ अशी घात करते.

त्या जहाजाचा शेवट कुठे झाला? ‘ब्ल्यू लेडी’ असे नाव घेऊन ते 2006 मध्ये गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर आले. पोटात ॲस्बेस्टॉस होते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ते तोडायला परवानगी दिली. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेले मजूर अलंगमध्ये जहाजे तोडतात. जहाज चालवताना मेले ते गरीब आणि जहाज मोडण्याचा धोकाही गरिबांच्याच वाट्याला.

फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’वर करोना पसरला. जहाजावर 3,711 माणसे होती. त्यांत सुमारे एक हजार कर्मचारी, त्यापैकी 132 भारतीय. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत थांबवले गेले. त्यांच्या दारात जेवण कोण पोहोचवत होते? हेच कर्मचारी! त्यांच्यासाठी विलगीकरण नव्हते. एकाच खोलीत राहायचे, एकत्र जेवायचे आणि काम करायचे. 700 हून अधिक जणांना लागण झाली. भारतीय कर्मचाऱ्यांनी व्हिडिओवरून सरकारला हात जोडले, तेव्हा 27 फेब्रुवारीला विमान त्यांना घेऊन दिल्लीत आले. आपले म्हणणे मांडायला त्यांना मोबाईलचा आधार घ्यावा लागला. मग युनियन कशासाठी असते?

युनियन नाही असे नाही. अनेक क्रूझ कंपन्यांचे आयटीएफशी संलग्न युनियनशी करार आहेत. रॉयल कॅरिबियनच्या कामगारांसाठी नॉर्वे देशातील खलाशी युनियन करार करते. अशा करारांतून पगाराची किमान पातळी, मृत्यूची भरपाई मिळते. ते आम्ही नाकारत नाही. करार नसण्यापेक्षा करार असणे केव्हाही चांगले. पण ज्याच्या पगारावर हा करार होतो, त्या भारतीय वेटरला कोणी मत विचारले? पूर्वी अशा करारात मुख्य शब्द मालकाच्या देशातील युनियनचा असे. 2010 मध्ये आयटीएफने मेक्सिको सिटीत नवे धोरण ठरवले आणि कामगार पुरवणाऱ्या देशांच्या युनियनला अधिक वाटा दिला. हे पाऊल योग्य होते. तरी हा वाटा युनियन-युनियनमधला आहे. कामगाराच्या हाती मतपत्रिका येत नाही, तोवर प्रतिनिधित्व अपुरेच.

2006 चा सागरी श्रम करार 2013 मध्ये जगात लागू झाला. भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. त्याने एक मोठी गोष्ट केली. जहाजावर कोणतेही काम करणारा माणूस, मग तो आचारी असो की सफाई कामगार, खलाशीच ठरवला. संघटना स्वातंत्र्यही मान्य केले. पण बोलणी करणारी युनियन गुप्त मतदानाने निवडावी, अशी पद्धत त्याने घालून दिली नाही. आणि कामाचे तास? आठवड्याला 72 तासांपर्यंत मुभा, म्हणजे सातही दिवस रोज दहा तासांहून अधिक! बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 मध्ये भारतातील कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारे विधेयक मंजूर झाले. इतकी वर्षे लोटली, तरी समुद्रावरचा कामगार त्या 48 तासांपासून कोसो दूर आहे.

बाबासाहेबांनी 1943 मध्ये आणखी एक विधेयक मांडले होते. कामगार संघटनेला मान्यता देणे मालकावर सक्तीचे करणारे ते विधेयक होते. त्यामागचा विचार साधा आहे. मालकाच्या मर्जीने मिळालेली मान्यता त्याच्या मर्जीनेच जाते. बोटीवर तर ही मर्जी दर सहा-आठ महिन्यांनी तपासली जाते. करार संपला की नोकरी संपली. पुढचे बोलावणे येईल की नाही, हे मालकाच्या हाती. तक्रार करणाऱ्याला कोणी काढून टाकत नाही, त्याला फक्त पुन्हा बोलावत नाहीत! या भीतीपुढे कागदावरचा हक्क मुका होतो.

ही भीती जुनीच आहे. इंग्रजी कंपन्यांच्या काळात रत्नागिरीचा आणि गोव्याचा खलाशी घाट सारंगाला लाच दिल्याशिवाय बोटीवर चढू शकत नसे. गोऱ्या खलाशापेक्षा त्याला पगार कितीतरी कमी. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच याच भारतीय खलाशांनी परदेशी बंदरांत संप केले, तुरुंग भोगला आणि पगारवाढ मिळवली. घाट सारंग गेला, त्याच्या जागी एजंट आला. लाखो रुपये घेऊन ‘बोटीवर लावतो’ म्हणणारे आजही आहेत.

म्हणून बोटीवर जाणाऱ्या आमच्या तरुणांना आम्ही सांगतो. नोकरी लावण्याचे पैसे घेणे बेकायदेशीर आहे. पासपोर्ट, खलाशी पुस्तिका आणि वैद्यकीय दाखला एवढाच खर्च तुमचा. व्हिसाचा खर्च मालकाचा. एजंटकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते आधी पाहा. कराराची प्रत हातात घेतल्याशिवाय आणि लवादाची अट वाचल्याशिवाय सही करू नका. तक्रार जहाजावर करता येते, तशी बंदरातल्या अधिकाऱ्याकडेही करता येते. आणि मुंबईतल्या खलाशी युनियनचे नुसते वर्गणीदार राहू नका. सभेला जा, हिशेब विचारा, निवडणूक लढवा.

संसदेने 1958 च्या कायद्याच्या जागी 2025 मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. क्रूझ पर्यटन वाढवण्याच्या घोषणाही होत आहेत. मग भारतातून भरती करणाऱ्या प्रत्येक कंपनीला सरकारने एक अट घालावी. कामगारांच्या गुप्त मतदानाने निवडलेल्या युनियनशीच करार करा, आणि त्या युनियनसाठी बोलणाऱ्याला पुढच्या करारातून वगळू नका. झेंडा कोणत्याही देशाचा असो, मत कामगाराचे असले पाहिजे.