साखारोव्ह यांनी मांडलेला हिशेब

तुमचे वय पन्नास-साठीच्या घरात असेल, तर तुमच्या दातांमध्ये शीतयुद्धाची एक खूण आहे. दातावरचे कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, लहानपणी एकदाच तयार होते आणि पुढे बदलत नाही. ते तयार होत असताना हवेत जेवढा किरणोत्सारी कार्बन असतो, त्या प्रमाणात तो धान्य, भाज्या आणि दुधावाटे एनॅमलमध्ये येऊन कायमचा बसतो. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की हा कार्बन मोजून एखाद्या अनोळखी मृतदेहाचे जन्मवर्ष एक-दोन वर्षांच्या फरकाने सांगता येते.

हे शक्य होते ते अणुचाचण्यांमुळे. १९५० च्या दशकात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी उघड्या हवेत एकामागून एक स्फोट केले. स्फोटातून सुटलेले न्यूट्रॉन हवेतील नायट्रोजनवर आदळले, की त्यातून कार्बन-१४ तयार होतो. १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातील हवेत त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते. त्यानंतर ते घसरू लागले. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत झालेल्या कराराने हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या करण्यावर बंदी घातली. फ्रान्स १९७४ पर्यंत आणि चीन १९८० पर्यंत हवेत चाचण्या करत राहिले, पण मोठा ओघ थांबला. आधीचा कार्बन हळूहळू समुद्रात आणि वनस्पतींमध्ये मुरत गेला.

या कराराचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये एक माणूस असा होता, की ज्याने स्वतःच्या हातांनी हायड्रोजन बॉम्ब बनवला होता. आंद्रेई साखारोव्ह.

१९२१ साली मॉस्कोत जन्मलेले साखारोव्ह भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचे चिरंजीव. १९४८ मध्ये इगोर टाम यांच्या गटात ते दाखल झाले आणि पुढची वीस वर्षे गुप्त संशोधनात राहिले. ऑगस्ट १९५३ ची पहिली सोव्हिएत औष्णिक-आण्विक चाचणी त्यांच्या कल्पनेवर आधारलेली होती. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याहून कितीतरी शक्तिशाली बॉम्ब फुटला, तेव्हा दूरवर एक लहान मुलगी आणि एक सैनिक दगावले. त्या संध्याकाळच्या मेजवानीत साखारोव्ह यांनी इच्छा व्यक्त केली, की आपली ही अस्त्रे चाचणीच्या मैदानावरच फुटोत, शहरांवर कधीही नकोत. त्यावर मार्शल नेडेलिन यांनी एक ओंगळ विनोद सांगितला. त्याचा अर्थ स्पष्ट होता: तुम्ही बॉम्ब बनवा, तो कुठे टाकायचा ते आम्ही बघू.

पुढे अमेरिकेत ‘स्वच्छ’ बॉम्बची चर्चा सुरू झाली. किरणोत्सारी कचरा फारसा न पसरवणारा बॉम्ब, असा त्याचा अर्थ. या दाव्यातील फोलपणा दाखवणारा लेख लिहावा, असे सोव्हिएत अणुकार्यक्रमाचे प्रमुख इगोर कुर्चातोव्ह यांनी साखारोव्ह यांना सुचवले. साखारोव्ह हिशेबाला बसले, आणि जे उत्तर आले ते अमेरिकेपुरते मर्यादित नव्हते. बॉम्ब कितीही ‘स्वच्छ’ असला तरी न्यूट्रॉन सुटणारच आणि कार्बन-१४ तयार होणारच. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७०० वर्षे. तो वाऱ्याबरोबर जगभर पसरतो आणि अन्नातून प्रत्येकाच्या शरीरात जातो. एकेका माणसाला मिळणारी मात्रा अगदी नगण्य. पण किरणोत्साराची कोणतीच मात्रा पूर्ण निर्धोक नसेल, तर ही नगण्य मात्रा कोट्यवधी माणसांनी आणि हजारो वर्षांनी गुणावी लागते. साखारोव्ह यांच्या अंदाजानुसार दर मेगाटनमागे सुमारे १०,००० बळी. तोवरच्या चाचण्या साधारण ५० मेगाटनच्या, म्हणजे पाच लाख माणसे. १९५८ मध्ये हा लेख सोव्हिएत नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या गृहीतकाबद्दल शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे. अतिशय कमी मात्रेचा धोका प्रत्यक्ष मोजणे फार अवघड आहे. तरीही एक्स-रे विभागापासून अणुभट्टीपर्यंत सुरक्षेचे नियम याच तत्त्वावर बेतलेले असतात: मात्रा जितकी कमी तितका धोका कमी, पण शून्य नाही. साखारोव्ह यांचा मुख्य मुद्दा आकड्याच्याही पलीकडचा होता. हे बळी कधीच ओळखता येणार नाहीत. कर्करोगाने गेलेल्या कोणत्या माणसाचा मृत्यू चाचणीमुळे झाला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. म्हणून कोणाला जबाबही द्यावा लागणार नाही. ही बेनाव हानी साखारोव्ह यांना अस्वस्थ करत राहिली.

भारतातूनही असाच आवाज उठला होता. अमेरिकेच्या १९५४ च्या बिकिनी चाचणीनंतर पंडित नेहरूंनी चाचण्या थांबवण्याची मागणी केली, आणि १९६३ च्या करारावर भारताने पहिल्या काही दिवसांतच सही केली.

साखारोव्ह यांना हे सोपे गेले नाही. हिशेब मांडूनही ते बॉम्बच्या कामात राहिले. १९६१ मध्ये नोव्हाया झेम्ल्यावर फुटलेल्या ५० मेगाटनच्या बॉम्बच्या रचनेतही त्यांचा वाटा होता. त्याच वर्षी चाचण्या पुन्हा सुरू करू नका, असे त्यांनी लेखी कळवले, तेव्हा ख्रुश्चेव्ह यांनी सर्वांसमक्ष त्यांना राजकारणात नाक न खुपसण्याची तंबी दिली. १९६२ मध्ये त्यांच्या मते अनावश्यक असलेली एक चाचणी रोखण्यासाठी त्यांनी जंग जंग पछाडले. ती झालीच. त्या दिवशी टेबलावर डोके टेकून आपण रडलो, असे त्यांनी आठवणींमध्ये लिहिले आहे.

तिथून त्यांचा विचार पुढे सरकला. जे तपासता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा विज्ञानाचा साधा नियम. तोच त्यांनी देशांना लावला. जे सरकार आपल्याच नागरिकांना उत्तर देत नाही, वृत्तपत्रे आणि सीमा बंद ठेवते, त्याच्या शब्दावर दुसऱ्या देशाने भरवसा कसा ठेवावा? म्हणून मानवी हक्क हा केवळ दयेचा विषय नाही, तो शांततेचा पाया आहे. हे सूत्र मांडणारा त्यांचा निबंध १९६८ मध्ये परदेशात छापला गेला आणि गुप्त संशोधनाची दारे त्यांना बंद झाली. १९७५ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, पण देशाबाहेर जाऊ दिले नाही. पत्नी येलेना बोनर यांनी ऑस्लोत ते स्वीकारले.

अफगाणिस्तानातील सैन्यकारवाईचा निषेध केल्यावर जानेवारी १९८० मध्ये त्यांना गॉर्की शहरात स्थानबद्ध करण्यात आले. बोनर स्वतः डॉक्टर होत्या. त्यांना उपचारांसाठी परदेशी जाऊ द्यावे, यासाठी साखारोव्ह उपोषणाला बसले, तेव्हा रुग्णालयात त्यांना हातपाय धरून बळजबरीने अन्न भरवले गेले. शुद्धीवर असलेल्या उपोषणकर्त्याला असे भरवू नये, असे जागतिक वैद्यकीय संघटनेने १९७५ मध्येच टोकियो जाहीरनाम्यात म्हटले होते. डिसेंबर १९८६ मध्ये त्यांच्या घरी अचानक फोन बसवला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर गोर्बाचेव्ह बोलले: मॉस्कोला परत या.

परतल्यावर दोनच महिन्यांत साखारोव्ह यांनी एक व्यवहारी सल्ला दिला. अमेरिकेची अंतराळातील क्षेपणास्त्रविरोधी योजना फसणारी आहे. तिच्यासाठी शस्त्रकपात अडवून धरू नका. गोर्बाचेव्ह यांनी त्याच फेब्रुवारीअखेर युरोपातील क्षेपणास्त्रांचा प्रश्न वेगळा काढला आणि डिसेंबर १९८७ मध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबाबतचा करार झाला. त्यातून दोन्ही देशांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट केली. अमेरिकी निरीक्षक वोत्किन्स्कच्या कारखान्याच्या दाराशी तेरा वर्षे मुक्काम ठोकून होते; सोव्हिएत, आणि नंतर रशियन, निरीक्षक अमेरिकेतील युटा राज्यात. साखारोव्ह म्हणत होते तो ‘तपासता येणारा विश्वास’ असा प्रत्यक्षात उतरला. डिसेंबर १९८९ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गेल्या पंचवीस वर्षांत ही वीण उसवत गेली आहे. अमेरिका २००२ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरील करारातून बाहेर पडली. रशिया नियम मोडत असल्याचा आरोप करून तिने २०१९ मध्ये १९८७ चा करारही सोडला. युक्रेनवरील हल्ल्यानंतर रशियाने २०२३ मध्ये ‘न्यू स्टार्ट’ करारातील सहभाग स्थगित केला. त्याच वर्षी सर्वंकष चाचणीबंदी कराराला दिलेली संमतीही मागे घेतली. अमेरिकेने तर ती कधी दिलीच नव्हती. ‘न्यू स्टार्ट’ची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

देशाच्या आतही हेच घडले. साखारोव्ह ज्या ‘मेमोरियल’ संस्थेचे पहिले मानद अध्यक्ष होते, ती डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. दोनच महिन्यांत रणगाडे युक्रेनमध्ये शिरले. २०२३ मध्ये मॉस्कोतील साखारोव्ह केंद्रही बंद करण्यात आले. आतला आवाज बंद होणे आणि बाहेरचा विश्वास संपणे या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत, हे साखारोव्ह यांचे निदान होते. पाश्चात्त्य देशांनाही ते लागू आहे: करार सोडणे सोपे, तपासणीची यंत्रणा पुन्हा उभारणे फार कठीण.

आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दातांत ती जुनी खूण जवळजवळ उरलेली नाही. १९६३ च्या सहीने आणि समुद्राने मिळून ती पुसली. कोळसा-तेलाच्या धुरातील कार्बन-१४ नसलेल्या कार्बनने उरलेली पातळ केली. हवेतील चाचण्या पुन्हा सुरू झाल्या, तर ही रेषा परत वर चढेल. ती कोणत्याही सीमेवर अडणार नाही, आणि तिचे बळीही पूर्वीसारखेच बेनाव असतील.